चिमणीचे घर, ४५० रुपयांचे

पुण्यातील आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत फेब्रुवारीमध्ये टांगलेल्या लाकडी पेटीत चिमण्यांची एक वीण पार पडली असल्याने, ऑनलाइन मागवलेल्या या ४५० रुपयांच्या वस्तूविषयी आता अनुभवाने लिहिता येईल.

वेष्टनावर ‘सर्व पक्ष्यांसाठी’ असे छापून शेजारी बुलबुल आणि सुगरण यांची चित्रे दिली आहेत आणि माझी पहिली तक्रार तीच आहे. बुलबुल झुडपात वाटीसारखे उघडे घरटे करतो, तर सुगरणीचा नर गवताच्या पात्या विणून फांदीला खोपा टांगतो. हे दोघेही पेटीकडे ढुंकून पाहणार नाहीत. पेटी उपयोगी पडते ती पोकळीत घरटे करणाऱ्या चिमणी, दयाळ किंवा साळुंकीसारख्या पक्ष्यांना. या पेटीचे भोक मोजले असता ३५ मिलिमीटर भरले, म्हणजे चिमणीला पुरेसे आणि साळुंकीला अपुरे, आणि हे माप ठरवणाऱ्याला चिमणी ठाऊक असावी. भोकाखालची दांडी मात्र मी कापून टाकली, कारण चिमणी थेट भोकाच्या कडेला बिलगते आणि दांडी सोयीची पडते ती कावळ्याला.

मार्चच्या मध्यावर काळ्या गळ्याचा नर गवत घेऊन येऊ लागला. पुढे त्यात केरसुणीच्या काड्या, कापूस आणि कबुतराची पिसे यांची अशी भर पडली की भोकातून निम्मा संसार बाहेर लोंबत होता. कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे मेणाचे, ही गोष्ट लहानपणी आपण सर्वांनीच ऐकली आहे. प्रत्यक्षात कावळा काटक्या आणि तारा गुंफून भक्कम घरटे रचतो, तर चिमणीला वाड्याच्या भिंतीतले भोक किंवा तसबिरीमागची फटच पुरते. मेणाचे घर आमच्या गॅलरीत एप्रिलच्या दुपारी टिकलेही नसते.

खरा दोष तळाच्या फळीत आहे. साफसफाईसाठी ती उघडती ठेवली आहे, पण तिला लावलेली पत्र्याची कडी इतकी पातळ आहे की पिल्ले आठवड्याची झाली असताना ती वाकली, फळी बोटभर खाली आली आणि एक पिल्लू थेट तुळशीच्या कुंडीत पडले. मी त्याला उचलताच शेजारच्या आजी म्हणाल्या, “माणसाचा हात लागला, आता चिमण्या त्याला टोचून मारतील.” ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. पिल्लू आत ठेवून फळी सुतळीने आवळली आणि आम्ही दाराआड उभे राहिलो; पंधरा-वीस मिनिटांत मादी चोचीत हिरवी अळी धरून आत शिरली. आजी काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशीपासून त्यांच्या कठड्यावर पाण्याचे मातीचे भांडे दिसू लागले.

विक्रेत्याला कडीचे छायाचित्र पाठवले असता ‘वस्तू वापरलेली आहे’ एवढेच उत्तर आले. आतून रंग लावलेला नाही, ही चांगली गोष्ट आहे. हवेसाठी छपराखाली एकही छिद्र नाही, ही वाईट. पिल्ले उडून गेल्यावर मी स्वतः दोन्ही बाजूंना दोन-दोन छिद्रे पाडली आणि कडीच्या जागी स्क्रू बसवला. तेवढे करण्याची तयारी असेल तर पेटी जरूर घ्यावी; नसेल तर ओळखीच्या सुताराकडून करून घेतलेली बरी.