ब्रॅडफर्डचं पिक्चरव्हिल: क्षितिजावरचा ठिपका दिसतो ते थिएटर

मी लीड्सला ऑप्टोमेट्रिस्ट आहे. दिवसभर माणसांना अंधाऱ्या खोलीत बसवायचं, डोळ्यापुढे काचा बदलायच्या आणि विचारायचं, "आता बरं दिसतंय, की आधीचं बरं होतं?" वीस वर्षं हेच केल्यामुळे सिनेमाला गेले तरी डोळे सुट्टीवर जात नाहीत. श्रेयनामावली सुरू झाली की मी आधी पडद्याचे कोपरे बघते. कडेची अक्षरं मधल्या अक्षरांइतकी रेखीव आहेत का? पांढरा पांढराच आहे, की राखाडीकडे झुकलाय?

मागे आमच्याकडच्या एका मल्टिप्लेक्समध्ये सगळा सिनेमा संध्याकाळ झाल्यासारखा काळवंडलेला दिसत होता. थ्रीडीच्या खेळासाठी लावतात तो फिल्टर साध्या सिनेमालाही लेन्ससमोर तसाच राहिला असणार, हे मला पाच मिनिटांत कळलं. त्याने प्रकाश केवढा तरी कमी होतो. बाहेर येऊन काउंटरवरच्या मुलाला सांगितलं. तो बिचारा नम्रपणे म्हणाला, की वर प्रोजेक्टरच्या खोलीत कुणी नसतं, सगळं आपोआप चालतं. मी परत जाऊन उरलेला सिनेमा तसाच पाहिला. वर कुणी नसतं, हे वाक्य मात्र मनातून गेलं नाही.

म्हणून हे पिक्चरव्हिलबद्दल सविस्तर लिहितेय. इंग्लंडच्या उत्तरेकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी फारच थोडे तिथे गेले आहेत, आणि ते आपल्या इतक्या जवळ आहे!

लीड्सहून ब्रॅडफर्डला ट्रेनने वीसेक मिनिटं लागतात. स्टेशनवरून चालत गेलात, की अलहाम्ब्रा थिएटरच्या शेजारी नॅशनल सायन्स अँड मीडिया म्युझियम दिसतं. हे म्युझियम १९८३ मध्ये सुरू झालं तेव्हा ब्रिटनमधलं पहिलं कायमचं आयमॅक्स, म्हणजे प्रचंड पडद्याचं थिएटर, इथेच होतं. पिक्चरव्हिल हे त्याच म्युझियमचं दुसरं थिएटर, १९९२ पासूनचं. २००९ मध्ये युनेस्कोने ब्रॅडफर्डला सिनेमाचं शहर म्हणून मान दिला, आणि हा मान मिळवणारं ते जगातलं पहिलं शहर. पिक्चरव्हिलमध्ये आजही फिल्मवरचे सिनेमे लागतात, ३५ एमएमचे आणि ७० एमएमचेही (हा आकडा म्हणजे फिल्मच्या पट्टीची रुंदी). 'वाइडस्क्रीन वीकेंड' नावाचा महोत्सव भरतो तेव्हा तर सलग काही दिवस मोठ्या फिल्मवरचे खेळ असतात.

मी लेकीला घेऊन गेले होते. ती चौदा वर्षांची आहे. सिनेमा होता डेव्हिड लीनचा 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', १९६२ चा. साडेतीन तासांहून मोठा सिनेमा आणि तोही वाळवंटातला, म्हटल्यावर ट्रेनमध्ये तिचं तोंड जरा उतरलेलंच होतं.

आत गेल्यावर आधी पडदा बंद. दिवे मंद होतात, आणि पडदा बंद असतानाच वाद्यवृंद सुरू होतो. चित्र नाही, नुसतं संगीत, काही मिनिटं. त्या काळच्या मोठ्या सिनेमांची ही पद्धतच होती. हल्ली घरी बघताना लोक एवढा भाग पुढे ढकलतात. इथे ढकलायची सोय नाही, म्हणून सगळं थिएटर हळूहळू शांत होत जातं. मग पडदा दोन्ही बाजूंना सरकतो आणि त्याच क्षणी मागच्या पांढऱ्या पडद्यावर प्रकाश पडतो. पडदा सरकणं आणि चित्र येणं यांत क्षणाचंही अंतर पडू न देणं हे हाताचं कसब आहे. आपल्या देवळात आरती संपता संपता शंख बरोबर जागेवर वाजतो ना, तसं.

मी सवयीने कोपरे पाहिले. चारही स्वच्छ होते.

पण सांगायचं आहे ते विहिरीच्या प्रसंगाचं. लॉरेन्स आणि त्याचा वाटाड्या वाळवंटात एका विहिरीवर पाणी प्यायला थांबतात. समोर पांढरट सपाट जमीन, वर फिकट आकाश, आणि मधे मृगजळाची थरथरती रेघ. त्या रेघेतून उंटावर बसलेला एक माणूस येतो. तो नट ओमर शरीफ, पण ते कळायला खूप वेळ लागतो. छायालेखक फ्रेडी यंग यांनी या एका दृश्यासाठी ४८२ मिलिमीटरची खास लांब लेन्स वापरली होती. हा प्रसंग मी घरच्या टीव्हीवर दोनदा पाहिला होता. टीव्हीवर आधी काहीच नसतं, आणि मग एकदम काहीतरी काळं हलताना दिसतं.

पिक्चरव्हिलमध्ये लेकीने माझ्या दंडाला धरलं आणि कुजबुजली, "आई, तिथे कुणीतरी आहे." मला अजून दिसलं नव्हतं. चौदा वर्षांचे निरोगी डोळे माझ्याहून तेज असणारच. मी रेघेवर नजर स्थिर केली आणि मलाही तो दिसला. टाचणीने टोचल्याएवढा ठिपका, हवेच्या लाटांमध्ये कधी लांबुळका व्हायचा, कधी तुटायचा, पुन्हा जुळायचा. माणूस आहे की झाड, उंट आहे की घोडा, येतोय की जातोय, काही ठरत नाही. पडद्यावरचे दोघेही नेमके त्याच अवस्थेत असतात. त्यांना जेवढं दिसतंय तेवढंच आपल्याला दिसतं, त्याच क्षणी दिसतं, आणि त्यांच्यासारखीच आपल्याही पोटात भीती धरते. माझ्या खोलीत माणूस तक्त्याच्या शेवटच्या ओळीपाशी येतो, श्वास रोखतो आणि म्हणतो, "बहुतेक ई असावा." सगळं थिएटर त्या एका ठिपक्यापुढे तसं बसलं होतं. ठिपका जर उशिरा दिसला, तर हा प्रसंग नुसता उंटस्वार येण्याचा प्रसंग उरतो. तो किती लवकर दिसतो यावरच सगळं उभं आहे, आणि ६५ एमएमच्या निगेटिव्हवर टिपल्यामुळेच तो इतक्या लवकर दिसतो.

कॅमेऱ्यातली फिल्म ६५ मिलिमीटरची आणि थिएटरात येणारी प्रत ७० ची, हा काय प्रकार आहे, ते मला बरीच वर्षं कळत नव्हतं. वरचे पाच मिलिमीटर आवाजाच्या चुंबकीय पट्ट्यांसाठी होते, त्यावर सहा वेगवेगळे आवाज असायचे. चित्राची एक चौकट साधारण ४८ मिलिमीटर रुंद आणि २२ मिलिमीटर उंच, म्हणजे नेहमीच्या ३५ एमएम स्कोपच्या (रुंद पडद्याच्या सिनेमाच्या) चौकटीच्या जवळजवळ तिप्पट क्षेत्रफळ. सेकंदाला अशा २४ चौकटी, मिनिटाला चौतीस मीटर फिल्म. त्या दुपारी आमच्या डोक्यामागून सात किलोमीटरहून जास्त फिल्म धावली.

पुण्यातल्या वाचकांना गणेशखिंड रस्त्यावरचं 'राहुल ७० एमएम' आठवत असेल. बाबा मला स्कूटरवरून तिथे इंग्रजी सिनेमाला न्यायचे. '७० एमएम' हे त्या थिएटरचं आडनाव आहे, अशीच माझी लहानपणी समजूत होती. तिथल्या पडद्यासमोर पहिल्यांदा बसल्यावर मान डावीकडून उजवीकडे वळवावी लागली होती, एवढं अजून आठवतं. पुढे कळलं, की आपल्याकडे ७० एमएम म्हणून लागलेले बरेचसे सिनेमे मुळात ३५ एमएमवर चित्रित झालेले असायचे आणि प्रत काढताना मोठे केलेले असायचे. १९७५ चा 'शोले' तसाच. मोठं केल्याने पडदा भरतो, उजेड जास्त मिळतो, सहा पट्ट्यांचा आवाज मिळतो. त्याचा आनंद खराच होता, त्याला कमी लेखायचं नाही. फक्त निगेटिव्हमध्ये जो ठिपका उमटलाच नाही, तो मोठं करून दिसत नाही. पिक्चरव्हिलमध्ये मी पहिल्यांदा मुळापासून मोठ्या फिल्मवर टिपलेलं चित्र पाहिलं, वयाच्या पंचेचाळिशीत.

फरक नुसत्या बारकाव्याचा असता तर चांगल्या डिजिटल प्रोजेक्टरनेही काम भागलं असतं. मला जाणवलं ते वेगळंच. फिल्मवरचं आकाश स्थिर नसतं. रंगाचे कण प्रत्येक चौकटीत वेगळ्या जागी असतात, त्यामुळे रिकामं निळं आकाशसुद्धा अगदी मंद उकळत असल्यासारखं वाटतं. डोळ्यालाही हेच हवं असतं. आपली बुबुळं एका जागी कधीच थांबत नाहीत, सतत सूक्ष्म हलत असतात. चित्र डोळ्याच्या आतल्या पडद्यावर अगदी एका जागी गोठून राहिलं तर मेंदू त्याच्याकडे हळूहळू दुर्लक्ष करायला लागतो. चार तास बसूनही त्या दिवशी माझे डोळे शिणले नव्हते. याचं कारण मी प्रयोग करून सिद्ध केलेलं नाही, पण माझ्या डोळ्यांचं मला कळतं.

आणि वर माणूस असतो. दोन प्रोजेक्टर, एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका चमकतो. तो दिसला की ऑपरेटर दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करतो, पुढच्या ठिपक्याला चित्र तिकडे वळवतो. मी लेकीला हे आधीच सांगून ठेवलं होतं. नंतर ती दर वीस मिनिटांनी कोपऱ्याकडे डोळा ठेवून बसायची, आणि ठिपका सापडला की माझ्या हातावर बोटाने टिचकी मारायची. वळण एकदाही अडखळलं नाही.

जुन्या फिल्मचं सगळंच गोड असतं असं मी म्हणणार नाही. सत्तरच्या दशकातल्या कितीतरी प्रतींचे रंग उडून गेलेत. निळा आणि हिरवा आधी जातो आणि सगळ्या जगाला गुलाबी कावीळ झाल्यासारखी दिसते. अशी एक प्रत मी पाहिली आहे, अर्ध्या तासात मन उतरलं. ॲसिटेटच्या फिल्म तर जुन्या झाल्या की कुजतात, डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा येतो. म्हणून जाण्याआधी कार्यक्रमपत्रिकेत प्रत कधीची आहे ते बघा. नवी किंवा नीट जपलेली असेल तर डोळे मिटून तिकीट काढा.

डिजिटलवर माझा राग नाही. लीड्ससारख्या गावात एखाद्या शनिवारी मराठी सिनेमाचा एक खेळ लागतो, पन्नास-साठ जण जमतो, बायका साड्या नेसून येतात. हे डिजिटलमुळेच शक्य झालं. फिल्मची प्रत काढून, पेट्या विमानाने पाठवून आपल्या छोट्या निर्मात्यांना ते कधी परवडलं नसतं. ते उपकार मोठे आहेत. पण जे काम त्या मोठ्या फिल्मसाठीच घडवलं गेलं, ते त्याच फिल्मवर पाहायला मिळायला हवं, निदान काही ठिकाणी, आणि ते चालवता येणारी माणसं तयार होत राहायला हवीत. शिकणारे नसतील तर उद्या प्रोजेक्टर काचेच्या कपाटात ठेवावा लागेल.

पिक्चरव्हिलमध्ये आणखी एक दुर्मीळ गोष्ट आहे, सिनेरामा. १९५२ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेला हा प्रकार. तीन प्रोजेक्टर एकाच वेळी खोल वक्र पडद्यावर तीन तुकडे टाकतात आणि त्यांचं एक चित्र होतं. सेकंदाला २६ चौकटी. तीनपैकी एक जरी मागेपुढे झाला तरी खेळ बिघडतो. जगात हे दाखवू शकणारी थिएटरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जोड दिसतात, हे खरं. पण पहिल्या सिनेरामाची सुरुवात उंच रोलर कोस्टरच्या फेरीने होते, आणि गाडी खाली झेपावते तेव्हा जोडांकडे बघायला कुणाला वेळ नसतो. माझ्या पुढच्या रांगेतल्या सत्तरीच्या आजींनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते.

जाणाऱ्यांसाठी थोडं. फार मागे बसू नका. मधल्या रांगांच्या किंचित पुढे, अगदी मध्यावर बसलात तर पडद्याची वक्रता अंगावर येते. चष्मा असेल तर लांबचा नंबर तपासून जा, हे मी व्यवसाय म्हणून सांगत नाही, खरंच फरक पडतो. 'लॉरेन्स'ला मूळचंच मध्यंतर आहे, आपल्यासारखं! इंग्लंडमध्ये हे सुख विरळा. आम्ही घरून पराठे नेले होते, ते म्युझियमच्या बाहेर बाकावर बसून खाल्ले.

खेळ संपल्यावर लेकीने दाराशी उभ्या असलेल्या ऑपरेटरला थांबवून विचारलं, की फिल्म हातात घेऊन बघता येईल का. ते आत गेले आणि कुठल्याशा जुन्या ट्रेलरचा टाकून दिलेला, बोटाएवढा तुकडा घेऊन आले. माझ्या पर्समध्ये भिंग असतंच. त्यातून दिसल्या दोन चौकटी, प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच छिद्रं, कडेला आवाजाच्या तपकिरी पट्ट्या. चित्रात आकाश आणि एका माणसाची टोपी. टोपीच्या विणीतला एकेक धागा मोजता येत होता. हल्लीच्या प्रतींवर या पट्ट्या नसतात, त्या जागी बारीक तुटक रेघ छापलेली असते आणि तिच्या तालावर वेगळ्या डिस्कवरचा आवाज वाजतो, असं त्यांनी समजावलं. मग म्हणाले, "ठेव तुला."

परतीच्या ट्रेनमध्ये तिने तो तुकडा खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. मग फोनचं पारदर्शक कव्हर काढलं, तुकडा आत आडवा ठेवला आणि कव्हर लावलं. सत्तर मिलिमीटर म्हणजे जवळजवळ तिच्या फोनची रुंदी. तो अजून तिथेच आहे.