रंग बघत बसलो, टायर गेले

लाल गाडीला कुठल्या रंगाची चाकं शोभतील, या एका प्रश्नावर आमच्या घरात तीन आठवडे खल चालला होता. गाडी स्विफ्ट, लालभडक, एमएच १० पासिंग. कंपनीच्या सिल्व्हर अलॉय फुटपाथला घासून घासून कडेला खरवडल्या होत्या. म्हटलं, रंगवायच्याच आहेत तर रंगच बदलू.

काळा पहिल्यांदा बाद झाला. लाल गाडीला काळी चाकं फोटोत झकास दिसतात, पण आपल्या रस्त्यावर लांबून पाहिलं तर रिम आणि टायर एकच काळा गोळा, स्पोक कुठे दिसतच नाहीत. पांढरा मला आवडला होता. पण ब्रेक पॅडची लोखंडी धूळ पुढच्या चाकांवरच जास्त बसते. दर रविवारी पुढची दोन चाकं घासत कोण बसणार? सोनेरीकडे झुकतोय म्हटल्यावर बायको म्हणाली, "अहो, वरातीला काढायची आहे का गाडी?" शेवटी गनमेटल, म्हणजे गडद राखाडी. लालवर उठून दिसतो, स्पोक झाकत नाही आणि धूळही पोटात घालतो. आजही माझं हेच मत आहे. फसलो ते रंग निवडताना नाही.

कोल्हापूरच्या एका ठिकाणी चौकशी केली तर चार चाकांचे दहा हजार आणि गाडी तीन दिवस ठेवा म्हणाले. सांगलीत मेहुण्याच्या ओळखीतून एक दुकान मिळालं. नाव लिहीत नाही. तिथला माणूस म्हणाला, सहा हजार, आज ठेवा, उद्या संध्याकाळी न्या. पावडर कोटिंगच, कुपवाडला भट्टीवर पाठवतो. काउंटरवर पत्र्याचे सात-आठ छोटे तुकडे होते, प्रत्येक वेगळ्या छटेचा. त्याने माझ्याच हातात किल्ली दिली आणि म्हणाला, "ओरखडा काढून दाखवा साहेब." खरंच निघाला नाही. ते तुकडे अस्सल पावडर कोटिंगचे होते, हे मला आता कळतं. पुढचा अर्धा तास आम्ही नुसते गनमेटलच्या दोन छटांवर बोलत होतो. मॅट की सॅटिन? माझं लक्ष कुठे गुंतलंय हे त्याने बरोबर हेरलं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी घ्यायला गेलो तर काय देखणी दिसत होती! टायरसुद्धा पॉलिश मारून काळे कुळकुळीत केलेले. जवळ वाकलो तर थिनरचा वास आला. नवा रंग आहे, वास येणारच, असं मनाशी म्हटलं आणि स्कॅनर काढला. पैसे गेल्यावर मोबाइलवर भलत्याच कुणाचं तरी नाव आलं. "भावाचं खातं आहे," म्हणाला. बिल मागितलं तर "जीएसटी लावू का मग?" मी गप्प बसलो. इथे लोभ माझाही होता.

पावडर कोटिंगला थिनरचा वास येऊच शकत नाही. त्यात थिनर नसतंच. कोरड्या पावडरला विजेचा भार देतात, ती धातूला चिकटते आणि मग भट्टीत १८० ते २०० अंशांवर वितळून घट्ट बसते. त्याआधी टायर काढायचा, जुना रंग केमिकलने किंवा ब्लास्टिंगने पूर्ण उतरवायचा, नटाच्या जागा झाकायच्या. तिथे रंगाचा जाड थर राहिला तर नट पुढे ढिले होतात. ही माहिती मी काम झाल्यावर वाचली.

आठ-दहा दिवसांनी कोल्हापूरला निघालो होतो. अंकलीचा पूल ओलांडून वेग ऐंशीवर गेला आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. परत आल्यावर नेहमीच्या टायरवाल्याकडे गेलो. त्याने आधी गाडी धुवायला लावली. प्रेशरचं पाणी स्पोकच्या कडेला लागलं आणि गनमेटलची साल निघाली, उकडलेल्या बटाट्यासारखी. खाली कंपनीचा सिल्व्हर जसाच्या तसा. मागची चाकं उतरवली तर आतल्या बाजूला बॅलन्सिंगची, म्हणजे चाक न थरथरता फिरावं म्हणून लावलेली, जुनी शिशाची वजनं, त्यांच्यावरूनच स्प्रे मारलेला. म्हणजे भट्टी राहू दे, ती वजनं काढायचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते.

पुढच्या दोन चाकांना तर वजनंच नव्हती. टायरवाला उकिडवा बसला, मोबाइलची बॅटरी लावून टायरच्या आतल्या बाजूवर अंगठा घासत राहिला आणि म्हणाला, "दादा, हे टायर कधी घेतले?"

"चारही एकदमच, दोन वर्षांपूर्वी. तुमच्याकडूनच की."

"मागचे माझे आहेत. हे नाहीत."

टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागच्या दोन्हींवर ४१२२, म्हणजे २०२२ चा एकेचाळिसावा आठवडा. पुढच्या दोन्हींवर १४१७. कंपनी तीच, साइज तीच, १८५/६५ आर १५, आणि माल २०१७ चा. पॉलिश धुतल्यावर कडेला केसासारख्या भेगा दिसल्या. हे आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात. रंगवाल्या दुकानदाराने नेमकी ती बाजू आत ठेवून टायर चढवले होते. चाक न उतरवता मला ते दिसणारच नव्हते.

त्याच्या दुकानात गेलो तर त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "पहिल्यापासून तसेच होते साहेब. फोटो आहे का?" फोटो होता, गणपतीला लेक गाडीपाशी उभी असलेला. त्यात चाक दिसतं, आकडे दिसत नाहीत. बिल नाही, जॉब कार्ड नाही, पैसे तिसऱ्याच्याच नावावर. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. त्यांनीही पहिल्यांदा बिलच विचारलं.

गाडी असल्या कामाला सोडणार असाल तर आधी चारही टायरचे ते आकडे आणि रिमच्या मागचे कोरलेले नंबर यांचे फोटो दुकानदारासमोर काढा. नुसतं समोर काढलं तरी पुष्कळ फरक पडतो. स्टेपनीसुद्धा विसरू नका. आणि चाकं भट्टीवर जाणार म्हणत असेल तर म्हणा, मीच घेऊन येतो, पत्ता द्या.

पुढचे दोन टायर नवे घेतले. चाकांचं अजून काही केलेलं नाही. दर धुण्याला थोडं गनमेटल जातं, थोडं सिल्व्हर वर येतं. लेक म्हणते, "बाबा, गाडीला खवले आलेत."