न्यूजब्लर : मराठी मथळ्यांनाही वळण लावता येणारा आरएसएस रीडर

अनेक संकेतस्थळांवरचे नवे लेख आरएसएस फीडमधून, म्हणजे संकेतस्थळाने पुरवलेल्या नव्या लेखांच्या यादीतून, एका जागी गोळा करणारा गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाला, तेव्हा रोज सकाळी चाळीस-पन्नास संकेतस्थळे एकाच पानावर चाळण्याची सवय जडलेल्या माझ्यासारख्या वाचकांची मोठी पंचाईत झाली होती. त्या काळात पुढे आलेल्या पर्यायांपैकी सॅम्युएल क्ले यांचा न्यूजब्लर मला सर्वांत जवळचा वाटला आणि आजही वाटतो. क्ले यांनी २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने ये-जा करताना तो लिहायला घेतला होता. म्हणजे गूगलने मार्च २०१३ मध्ये रीडर बंद करण्याची घोषणा केली, त्याआधी काही वर्षे तो चालू होता. त्या घोषणेनंतर वाचकांचा असा लोंढा आला, की पैसे भरणाऱ्यांची सेवा कोलमडू नये म्हणून नव्या मोफत खात्यांची नोंदणी काही काळ थांबवावी लागली.

रोजच्या वापराबद्दल फार सांगण्यासारखे नाही. जुन्या रीडरमधली संकेतस्थळांची यादी ओपीएमएल फाइलच्या (अशा याद्या साठवण्याच्या ठरलेल्या स्वरूपाच्या) रूपात आत घेता येते, डावीकडे फीड आणि उजवीकडे लेख दिसतात, ‘जे’ आणि ‘के’ या कळांनी पुढेमागे जाता येते. खरे वैशिष्ट्य आहे ते त्याच्या ट्रेनरमध्ये, म्हणजे आपली आवडनिवड शिकवण्याच्या सोयीत. मथळ्यातला शब्द, लेखकाचे नाव, विषयाची खूणचिठ्ठी किंवा संपूर्ण संकेतस्थळ यांपैकी कशालाही पसंती वा नापसंती देता येते. पसंतीचे लेख हिरवे होतात, नापसंतीचे लाल होऊन नजरेआड जातात, आणि एकाच लेखाला दोन्ही लागू पडल्यास हिरव्याचाच वरचष्मा राहतो. एखादा लेख समोर का आला आणि दुसरा का आला नाही, याचे उत्तर वाचकाला स्वतःच्या हाताने केलेल्या निवडीत सापडते, याचे मोल मला फार वाटते.

मराठीसाठी हा ट्रेनर वापरताना थोडे व्याकरण लक्षात ठेवावे लागते. तो मथळ्यात दिलेली अक्षरे जशीच्या तशी शोधतो, आणि आपली नामे तर विभक्ती लागताच रूप बदलतात. ‘नाटक’ हा शब्द दिला की ‘नाटकाचा’, ‘नाटककार’ हे सगळे आपोआप सापडते; पण ‘पाऊस’ दिल्यावर ‘पावसाने झोडपले’ हा मथळा निसटतो, म्हणून ‘पावसा’ हे सामान्यरूप वेगळे द्यावे लागते. ‘पुणे’ दिले तर ‘पुण्यात’ सापडत नाही, त्यासाठी ‘पुण्या’ द्यावे. राशिभविष्य हटवायचे असेल तर दीर्घ ‘राशी’ देऊन भागत नाही, कारण सामासिक शब्दात ती ऱ्हस्व होते. सुरुवातीच्या आठवड्यात अशी पंधरा-वीस रूपे मी शांतपणे बसून भरली, आणि त्यानंतर केवळ हिरवे लेख दाखवणारी निवड केली की सकाळच्या चहाबरोबर वाचून होईल एवढाच मजकूर समोर राहू लागला.

दुसरी उपयोगाची सोय म्हणजे ‘टेक्स्ट’ दृश्य. बऱ्याच मराठी वृत्तस्थळांच्या फीडमध्ये बातमीच्या जेमतेम दोन ओळी असतात. या दृश्यात मूळ पानावरचा मजकूर आणून स्वच्छ स्वरूपात दाखवला जातो, त्यामुळे जाहिरातींच्या गर्दीत शिरावे लागत नाही. अर्थात मूळ संकेतस्थळानेच फीड बंद केले तर कोणताही रीडर हतबल होतो. मी वर्षानुवर्षे वाचत असलेल्या एका साप्ताहिकाने संकेतस्थळाची नवी मांडणी करताना फीड काढून टाकले आणि ते माझ्या यादीतून कायमचे गळाले, याची हळहळ अजून वाटते.

मोफत खात्यात ६४ संकेतस्थळे ठेवता येतात. त्यापुढे वर्षाला ३६ डॉलर वर्गणी आहे. तीत मर्यादा वाढते, फीड अधिक वेळा ताजी होतात आणि शोधाची सोय मिळते. ही रक्कम मला रास्त वाटते, कारण सेवा वर्गणीवर उभी आहे आणि तिचा संपूर्ण कोड खुला आहे. तांत्रिक तयारी असलेला कोणीही तो स्वतःच्या सर्व्हरवर चालवू शकतो.

एकट्याच्या बळावर चाललेल्या सेवेवर विसंबावे का, ही शंका रास्त आहे, आणि जून २०२१ मधल्या घटनेमुळे ती अधिकच गडद झाली होती. सर्व्हर डॉकरवर (प्रणाली वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या साधनावर) हलवताना डॉकरने फायरवॉलला, म्हणजे बाहेरच्यांना अडवणाऱ्या संरक्षक भिंतीला, वळसा घालून मोंगोडीबी या विदासाठ्याचे पोर्ट (जोडणीचे दार) बाहेरच्या जगाला खुले केले, आणि काही तासांतच कोणीतरी त्यातला विदा (डेटा) पुसून खंडणी मागितली. थोड्याच वेळापूर्वी बंद केलेल्या जुन्या सर्व्हरवर तोच विदा शाबूत होता, म्हणून सेवा पुन्हा उभी राहिली. चूक नेमकी कुठे झाली, हे क्ले यांनी त्यानंतर सविस्तर लिहून सर्वांसमोर ठेवले. त्या लेखानंतर माझा विश्वास वाढला आणि मी वर्गणीचे नूतनीकरण केले. तरीही आपल्या यादीची ओपीएमएल प्रत अधूनमधून उतरवून स्वतःजवळ ठेवावी. त्यासाठी एक मिनिटही लागत नाही, आणि तीच फाइल दुसऱ्या कोणत्याही रीडरमध्ये जशीच्या तशी चालते. ट्रेनरमध्ये भरलेली मराठी रूपे मात्र त्या फाइलबरोबर येत नाहीत, म्हणून ती मी एका वहीत वेगळी लिहून ठेवली आहेत.