डबल बास: बसून वाजवावा की उभ्याने?

आमच्या घरात गाणं म्हणजे बैठक. वडील भजनाला पेटी वाजवायचे, चटईवर मांडी घालून. त्यामुळे फोंड्याहून पणजीला डबल बास, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं सर्वांत मोठं वाद्य, शिकायला जाऊ लागलो, तेव्हा उंच स्टुलावर बसणंच मला स्वाभाविक वाटलं. सहा वर्षं बसून वाजवला, गेली चार वर्षं उभ्याने वाजवतोय. ज्यांचं अजून ठरत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

बसण्यात सुख आहे, यात वाद नाही. डावा पाय स्टुलाच्या आडव्या दांडीवर, वाद्य मांडीच्या आतल्या बाजूला टेकलेलं. बास जागचा हलत नाही. डाव्या अंगठ्यावर भार येत नाही. थंब पोझिशनला (अंगठाही तारेवर ठेवून वरचे सूर वाजवायला) उतरताना वाद्य गर्रकन फिरेल ही धास्ती नसते. तीन तासांच्या तालमीत याचं मोल कळतं.

मग बसणं का सोडलं? स्टुलामुळेच.

बासची तार साधारण 105 सेंटिमीटर. वाद्याच्या मानेच्या वरच्या टोकाशी अर्ध्या सुराचं अंतर जवळजवळ 6 सेंटिमीटर भरतं. व्हायोलिनवर तेच 2 च्या आत. एवढी अंतरं खांदा आणि कोपर लक्षात ठेवतात, आणि बसायची उंची बदलली की त्यांचा हिशेब चुकतो. सासष्टीत एका लग्नाला, चर्चच्या वरच्या सज्जात, मला जवळच्या तावेर्नातलं (दारूच्या गुत्त्यातलं) स्टूल मिळालं. घरच्यापेक्षा चार बोटं बुटकं. एंडपिन (वाद्याच्या तळाची टेकूची दांडी) आत सरकवून बास खाली घेतला, तर त्याचा कल बदलला आणि गज ब्रिजकडे (तारा ज्यावर टेकतात त्या घोडीकडे) घसरायला लागला. पहिल्याच स्तोत्रात सर्वांत जाड ई तारेवरचा एफ कणसूर लागला. शेजारी ऑर्गन तोच सूर स्वच्छ धरून होता. ती दोन मिनिटं मी विसरलेलो नाही.

मग स्वतःचं स्टूल नेऊ लागलो. पण गाडीच्या मागच्या सीट पाडून बास आडवा घातला की मान थेट पुढच्या दोन सीटांच्या मध्ये येते. स्टुलाला जागा उरत नाही. शिवाय पावसाळ्यात दोन खेपा. स्टूल आणायला जावं तर बास ओलसर व्हरांड्यात एकटा, आणि दमट हवेत आधीच त्याच्या सांध्यांचा सरस सुटायला बघतो.

उभं राहणं फुकट मिळत नाही. पहिला महिनाभर अंगठा ठणकत होता. गुळगुळीत टाइल्सवर एंडपिन सरकते. मी काथ्याचं पायपुसणं सोबत ठेवतो. नामवंत बासवादक फ्रांस्वा राबात उभ्याने वाजवताना तिरपी एंडपिन वापरतात, त्याने तोल बराच सावरतो म्हणे. मी साध्या एंडपिनवरच भागवलं. पण गजाला पाठीतून वजन मिळतं, आणि माझ्या कानाला तरी ई तार जास्त मोकळी वाजते. मुख्य म्हणजे पणजी असो की पेडणे, फिंगरबोर्डचं (बोटं दाबायच्या पट्टीचं) वरचं टोक माझ्या भुवईपाशी त्याच जागी असतं.

तुम्ही ऑर्केस्ट्रात ठरलेल्या जागी, ठरलेल्या स्टुलावर वाजवत असाल किंवा कंबर कुरकुरत असेल, तर बसाच. पण स्टूल अजून विकत घेतलं नसेल तर महिनाभर थांबा. रोज वीस मिनिटं उभ्याने लांब गज ओढून बघा. अंगठा दुखला तर वाद्य जरा स्वतःकडे कलतं घ्या. भार अंगठ्यावरून कमरेवर येतो.