शहर की तालुक्याचं गाव? आमचं एका किल्लीवरून ठरलं

निवृत्तीनंतर कुठे राहायचं, हा प्रश्न सध्या माझ्या ओळखीतल्या निम्म्या घरांत चाललाय. मुलं लांब, शहरात स्वतःचा फ्लॅट, गावाकडे वडिलांनी बांधलेलं घर आणि नवरा-बायको दोघांचीही साठी उलटलेली. आम्ही दोघं यातून गेलो. तीस वर्षं शहराच्या उपनगरात काढली होती; मग एका डिसेंबरात सामान बांधलं आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या आमच्या तालुक्याच्या गावी अकरा महिने राहून पाहिलं. दोन्ही ठिकाणांची नावं लिहीत नाही. तुमची दोन ठिकाणं वेगळी असणार, तेव्हा तुम्ही वाचताना तीच डोळ्यांपुढे ठेवलेली बरी.

भाजीचे भाव, मोकळी हवा, शेजारपाजार यांवर वेळ घालवत नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यात गावच सरस. मला बघायचं होतं ते हे की केंद्र, राज्य आणि नगरपालिका-महापालिका यांनी वय झालेल्या माणसांसाठी जे काही करून ठेवलंय, ते प्रत्यक्षात आपल्या दारापर्यंत कुठे पोचतं.

प्रवासाचं आधी सांगतो, कारण त्यात गावाचं पारडं सरळच जड आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना राज्यभर एसटी मोफत झाली. ६५ ते ७५ मधल्यांना अर्धं तिकीट आधीपासून होतं. मार्च २०२३ पासून बायकांना वयाची अट न लावता अर्धं. मी अडुसष्टचा, ही सहासष्टची, म्हणजे आम्ही दोघं मिळून एका तिकिटात फिरतो. पण खरा फरक मला आमच्या थोरल्या दादांमध्ये दिसला. ते सत्त्याहत्तरचे. लेक कोल्हापूरला. पूर्वी लेकीकडे जायचं तर कुणी गाडी घेऊन न्यायला येईपर्यंत थांबायचे, जावयाला कशाला त्रास म्हणून कित्येकदा जायचेच नाहीत. आता शर्टाच्या खिशात आधार कार्ड, पिशवीत नातवासाठी शेंगदाण्याचे लाडू, आणि महिन्यातून दोनदा स्वारी सकाळच्या गाडीला हजर. कंडक्टर वर चढताना हात देतो. तिकिटाचे पैसे वाचले ही गोष्ट ते कधी बोलत नाहीत. ‘मी माझा जाऊन आलो’ हे मात्र दर वेळी सांगतात.

एक खटकतं. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यानं माणूस साठीला ज्येष्ठ होतो, एसटीत पासष्टला. साठ ते पासष्टमधल्या पुरुषांना ही पाच वर्षं उगाच अंगावर पडतात. आणि रेल्वेची सवलत २० मार्च २०२० ला बंद झाली, त्याआधी पुरुषांना ४० टक्के आणि बायकांना ५० टक्के मिळायची. म्हणजे मुलगी कोल्हापूरला असेल तर सरकार सोबत आहे, मुलगा दिल्लीला असेल तर पूर्ण भाडं. गाव निवडताना मुलं कुठल्या वाटेवर आहेत, हे जरूर बघा.

शहरात एसटीची सवलत रोजच्या कामाची नाही, पण ज्येष्ठांचा मासिक पास आहे आणि खालच्या पायरीच्या बस आहेत. गुडघे दुखणाऱ्याला त्या पायरीची किंमत कळते. मात्र घरापासून बसथांब्यापर्यंतचा फूटपाथ म्हणजे दर फाटकापाशी उतरा आणि पुन्हा चढा, त्यात मधूनच दुचाकी येते. मी दोनदा ठेचकाळलो आहे. या बाबतीत शहराची बाजू घेणं मला जमणार नाही.

कागदपत्रांतही गाव बरं. शेजारच्या आजोबांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे तीन हजार मिळाले. २०२४ ची योजना, पासष्टच्या पुढचे आणि वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेले यांच्यासाठी. त्यांनी त्यात हातात धरायची काठी आणि कमोडची खुर्ची घेतली. उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक, सगळं पाचशे पावलांत. हयातीच्या दाखल्यासाठी पोस्टमन घरी आला, सत्तर रुपये घेतले, माझं काम दहा मिनिटांत. वहिनींचा अंगठा यंत्र घेईना. चाळीस वर्षं भांडी घासून रेषाच उरलेल्या नाहीत. तो बापडा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आला, सगळी बोटं करून पाहिली आणि शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटावर काम झालं. ही सेवा शहरातही आहे, पण दुसऱ्यांदा स्वतःहून येणारा पोस्टमन मला गावातच भेटला.

दवाखान्याचं उलट आहे. सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार देणारं आयुष्मान भारत योजनेचं वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालं. कार्ड दोन्हीकडे सारखंच निघतं. पण ते चालायला योजनेतलं रुग्णालय लागतं, आणि हृदयासाठीचं जवळचं रुग्णालय गावापासून अडतीस किलोमीटरवर. शहरात रिक्षानं बारा मिनिटं. कार्ड काढण्यापूर्वी नव्हे, गाव ठरवण्यापूर्वी योजनेतल्या रुग्णालयांची यादी बघून घ्या. ज्येष्ठांनी अडचणीत फोन करायचा तो १४५६७ हा हेल्पलाइन क्रमांक दोन्ही ठिकाणी तोच, त्यामुळे तो या हिशेबात धरत नाही.

आता बसण्या-उठण्याच्या जागा. शहरात बागेला लागून महापालिकेचं विरंगुळा केंद्र आहे. कॅरम, वर्तमानपत्रं, गुरुवारी भजन, आणि हाताच्या खुर्च्या. हाताच्या म्हणतोय ते मुद्दाम, कारण बिनहाताच्या खुर्चीतून सत्तरीनंतर उठताना दुसऱ्याचा खांदा शोधावा लागतो. गावात ज्येष्ठ नागरिक संघ देवळाच्या सभामंडपात भरतो. गप्पा शहराहून शंभर पटींनी चांगल्या. शाळेतले वर्गमित्र, वडिलांना ओळखणारी माणसं. अकरा महिन्यांत मी एकही संध्याकाळ चुकवली नाही.

ही मात्र कधी आली नाही. पारावर आणि मंडपात बायका बसत नाहीत, हे मी लहानपणापासून पाहत आलोय, त्यामुळे त्यात काही विचारण्यासारखं आहे हेच माझ्या लक्षात आलं नाही. तिची बाहेर पडायची हक्काची वेळ म्हणजे गुरुवारचा बाजार. पहिले तीन-चार महिने ती उत्साहानं जायची. तासभर भाजी, मग कासारणीकडे, मग लहानपणच्या मैत्रिणीच्या दुकानात.

तिला रक्तदाबाची गोळी आहे, तिच्यासोबत सकाळी एक लघवीची गोळी असते. ज्यांच्या घरात ती गोळी आहे त्यांना पुढचं सांगायला नको.

बाजारपेठेत सार्वजनिक स्वच्छतागृह आहे. नव्या फरश्यांचं, दारावर उद्घाटनाची पाटी असलेलं. पुरुषांची बाजू उघडी. बायकांच्या दाराला छोटं पितळी कुलूप. लोक घाण करतात म्हणून लावलेलं, आणि किल्ली समोरच्या दुकानात. चढायला पाच पायऱ्या, कठडा नाही. आत फक्त उकिडवं बसायची सोय आणि धरायला काही नाही. पहिल्यांदा तिनं दुकानात जाऊन हळूच विचारलं. दुकानदार भला माणूस. गिऱ्हाइकाला माप घालत होता, त्यानं आतल्या पोराला हाक मारली, ‘अरे, मावशींना मुतारीची किल्ली दे.’ दुकानापुढे सात-आठ माणसं उभी होती. त्यांतले दोघं माझे वर्गमित्र.

हे तिनं मला त्या दिवशी सांगितलं नाही. महिन्याभरानं माझ्या ध्यानात एवढंच आलं की गुरुवारी सकाळी हिचा चहाचा कप अर्धा राहतो. मग तांब्या तसाच भरलेला दिसायला लागला. श्रावण लागेपर्यंत बाजारच्या दिवशी सकाळी आठनंतर पाणी बंद झालं होतं. पुढे तिनं बाजारालाच जायचं सोडलं आणि माझ्या हातात यादी द्यायला लागली. मी म्हटलं, पाऊस आहे, बरंच केलंस.

गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला थंडी वाजून ताप आला. लघवीत संसर्ग निघाला. डॉक्टरांनी तिला विचारलं, पाणी किती पिता? तिनं उत्तर दिलं नाही, माझ्याकडे बघितलं. घरी आल्यावर बोलली. किल्लीचं, पायऱ्यांचं, सगळं. शेवटी म्हणाली, ‘तुम्हाला गाव आवडलंय, म्हणून म्हटलं नाही.’

त्या वाक्यापाशी माझ्यापुरता हिशेब संपला. दिवाळी तिथेच केली आणि नोव्हेंबरात परत आलो.

शहरातली बाग घरापासून तीनशे पावलांवर. केंद्राशेजारी स्वच्छतागृह आहे, बायकांच्या बाजूला एक कमोड, भिंतीला स्टीलचा दांडा, सकाळी सहा ते रात्री नऊ उघडं, आणि एक बाई देखभालीला असतात. आदर्श वगैरे मुळीच नाही. एक नळ कायम गळतो, पावसाळ्यात फरशी ओली असते, आणि त्या बाई सुट्टीवर गेल्या की दोन दिवस जायची सोय राहत नाही. पण कुणाला काही विचारावं लागत नाही. आता ही घरातून निघताना भांडंभर पाणी पिऊन निघते. बाग, वाचनालय, भजनाचा गट, आणि बसनं बहिणीकडे. आल्यापासून तिचे मार्गच वाढले आहेत. माझे कमी झाले, हेही लिहायला हवं. इथे माझे वर्गमित्र नाहीत आणि संध्याकाळी पाचनंतर मला गावाची आठवण येते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये वयोस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली. जगभरातल्या ३३ शहरांमधल्या वृद्धांशी बोलून ती तयार झाली, त्यांत आपली दिल्ली आणि उदयपूर होती. आठ विषय आहेत तिच्यात, आणि पहिलाच मोकळ्या जागा आणि इमारतींचा. बाक, पदपथ, रस्ता ओलांडणं आणि स्वच्छ, सहज वापरता येणारी स्वच्छतागृहं. मी हे परत आल्यावर वाचलं. सवलतींच्या बातम्या मी गेली दहा वर्षं कात्रणं करून ठेवत आलो. अर्धं तिकीट, मोफत तिकीट, पाच लाख, तीन हजार. त्या कात्रणांत बाजारातल्या पाच पायऱ्यांबद्दल एक ओळ नाही. मुंबईत बायकांनी ‘राइट टू पी’, म्हणजे लघवीला जायचा हक्क, या नावानं कित्येक वर्षं हाच प्रश्न लावून धरला, तेव्हा तो मला तरुण नोकरदार बायकांचा वाटला होता. घराबाहेर पडू न शकणाऱ्या सहासष्ट वर्षांच्या बाईला एसटीच्या अर्ध्या तिकिटाचा उपयोग किती, हे तेव्हा सुचलं नाही.

तुमच्या गावात असं नसेलही. नगरपालिका चांगली असेल, बाजार घराला लागून असेल, तर मी वर गावाच्या बाजूनं मांडलेलं सगळं खरं ठरेल आणि तुम्ही तिथे आमच्याहून सुखी व्हाल. दोघंही पंचाहत्तरीच्या पुढे असाल, लेकी-सुना एसटीच्या टप्प्यात असतील आणि हृदयाचं दुखणं नसेल, तर मी तुम्हाला गाव नको असं म्हणणार नाही. एकट्या पुरुषाला तर बहुधा गावच. शहरात घराबाहेरची पहिली शंभर पावलं जर अवघड असतील, तर बागेतली सगळी सोय फुकट जाते, हेही आहेच.

मात्र ठरवण्यापूर्वी नुसतं दिवाळीला जाऊन येऊ नका. दिवाळीत माणूस पाहुणा असतो, कुणाच्याही घरात जाऊ शकतो. भर उन्हाळ्यातला एक बाजाराचा दिवस धरा आणि बायकोबरोबर किंवा आईबरोबर पूर्ण तीन तास बाहेर काढा. निघताना ती पाणी पिते का, ते बघा. बाजारात कुठे बसते, कुठे जाते, कुणाला काय विचारावं लागतं ते बघा. तिला थेट विचारून कळेलच असं नाही. मला अकरा महिन्यांतले नऊ लागले.

घर आम्ही विकलेलं नाही. या जानेवारीत पंधरा दिवस गेलो होतो. हिनं मैत्रिणीच्या दुकानात बसून नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला: कुलूप काढावं, सकाळी आठ ते संध्याकाळी सात माणूस नेमावा, पायऱ्यांना कठडा, एक कमोड आणि धरायला दांडा. बाजारात फिरून बायकांच्या त्रेचाळीस सह्या घेतल्या. भाजीवाल्या, कासारीण, शाळेतल्या दोन बाई. त्या दिवशी किल्ली ठेवणाऱ्या दुकानदारानं तिला बसायला स्टूल दिलं आणि स्वतःच्या आईची सही आणून दिली. अर्जाची पोच मिळाली आहे. उत्तर अजून यायचंय.