प्रकटीकरण वाचताना शेजारी काय ठेवाल: आजचं वर्तमानपत्र की रोमचा इतिहास?

बायबल अभ्यास गटात प्रकटीकरण, म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक, घ्यायचं ठरलं की प्रश्न येतोच. श्वापद, शिंगं, शिक्के हे सगळं पुढे घडायचं आहे असं धरून वाचायचं, की आशिया या रोमन प्रांतातल्या (आजचा पश्चिम तुर्कस्तान) ज्या सात मंडळ्यांना, म्हणजे ख्रिस्ती समूहांना, ते लिहिलं त्यांना पहिल्या शतकात त्यातून काय कळलं असेल हे आधी बघायचं? मी दोन्ही करून पाहिलंय. पहिलं बरीच वर्षं, दुसरं त्यानंतर.

पहिल्यात रंगत आहे, नाकारत नाही. गट भरतो, तरुण मुलं येतात. दुसऱ्यात सुरुवातीच्या बैठका पात्म बेट (लेखकाला दर्शन झालं ते ठिकाण) आणि सम्राटपूजा यांतच जातात, निम्मे जण जांभया देतात.

माझं मत फिरलं ते खोडरबरामुळे. 1985 च्या युवक शिबिरात वक्त्यांनी छातीठोकपणे सांगितलं, दहा शिंगं म्हणजे युरोपची सामायिक बाजारपेठ. मोजा, देश दहाच आहेत. मी समासात लिहून घेतलं. 1986 ला स्पेन आणि पोर्तुगाल आत आले, झाले बारा. खोडलं. मग श्वापदाची खूण म्हणजे बारकोड असं कळलं, पुढे आधार क्रमांक. दरवेळी नवं लिहायचं, जुनं खोडायचं. बायबलचा कागद किती पातळ असतो ठाऊक आहेच. शेवटी 13 व्या अध्यायाचं पान फाटलं. चूक वक्त्यांची म्हणा किंवा माझी, पण आधीचं चुकलं होतं असं कोणी कधी म्हणालं नाही, हे जास्त खुपलं.

दुसऱ्या वाटेवर तोच अध्याय वेगळा दिसला. श्वापदाची संख्या मोजा, ती 666 आहे, असं लेखक वाचकालाच सांगतो. म्हणजे त्या काळच्या कोणाला तरी ती मोजता येणार होती. हिब्रूत अक्षरांनाच अंकांची किंमत असते, अक्षरांतून अंक मांडायच्या आपल्या जुन्या कटपयादी पद्धतीची आठवण यावी असं. 'नेरोन कैसर', म्हणजे रोमन सम्राट नीरो, असं हिब्रूत लिहून बेरीज करा: 50+200+6+50 आणि 100+60+200, बरोबर 666. काही जुन्या हस्तलिखितांत 616 आहे. लॅटिन वळणाने 'नेरो' म्हटलं की शेवटचा न गळतो, 50 कमी होतात, तेही जुळतं. सात मंडळ्यांपैकी एका शहरातलं, पर्गमातलं, 'सैतानाचं आसन' घ्या. तिथे इ.स.पू. 29 पासून रोम आणि ऑगस्टस यांची पूजा चाले. तिथल्या माणसाला बहुधा फोड करून सांगावी लागली नसेल.

इथेही गाठी आहेत. बरेच अभ्यासक पुस्तक इ.स. 95 च्या सुमाराचं मानतात आणि नीरो तर 68 मध्येच मेला. तो परत येणार अशी आवई तेव्हा होती आणि श्वापदाची प्राणघातक जखम बरी होते ती त्यामुळेच, हे उत्तर मला पटतं. तुम्हाला ओढाताण वाटू शकेल.

शिवाय 21 वा अध्याय नीरोपाशी संपवता येत नाही. आमच्या गटातल्या एक आजी, नुकताच मुलगा गेलेल्या, म्हणाल्या, "रोमचं झालं, माझं काय?" त्या दिवशी मी नकाशा गुंडाळला आणि डोळ्यांतले अश्रू पुसण्याचं वचन नुसतं वाचलं.

गट नवा असेल तर 2 आणि 3 अध्यायांपासून, म्हणजे सात मंडळ्यांच्या पत्रांपासून, सुरुवात करा. पहिल्या अध्यायातलं 'समय जवळ आला आहे' मात्र आधी मोठ्याने वाचा, आणि ते कोणाला लिहिलंय हे गटालाच विचारा.