मिशनची मंडळी आणि टिळकांचा दरबार

महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्म रुजवायच्या दोन वाटा इथे पाहू. पहिली वाट अमेरिकन मराठी मिशनची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या धर्मप्रचारकांची. १८३१ साली अहमदनगरला त्यांचं ठाणं पडलं. मागोमाग शाळा, चर्च, पुढे दवाखाने. हेतू सरळ होता: सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश) सांगायची, बाप्तिस्मा द्यायचा, मंडळी (चर्चचा समुदाय) वाढवायची. पैसा अमेरिकेहून येई, म्हणून पाळकांचे (चर्चच्या धर्मगुरूंचे) पगार, इमारती यांची घडी बसली. पण गोम तिथेच होती, सूत्रंही गोऱ्या साहेबांच्या हाती. शिवाय ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा गावोगाव पाठीस लागला. तो सरसकट खरा नव्हता. पुसला मात्र कधी गेला नाही.

दुसरी वाट टिळकांची. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. इथे बाप्तिस्मा घेतलेले नि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून चालत. पद्धत भजन-कीर्तनाची, साहेबी थाट नको. मला ही कल्पना कितीतरी आपली वाटते. पण पगार नाही, पक्की व्यवस्था नाही, सगळा भार एका (आणि तोही आजारी) माणसावर. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. मिशनने उभ्या केलेल्या मंडळ्या टिकल्या. उपासनेत त्या आजही टिळकांची पदं गातात.